उतार-स्थिरीकरण

उतार-स्थिरीकरण : डोंगरउतार, रस्ते व लोहमार्गांसाठी कापलेल्या कडा, मातीचे भराव आणि इमारतींच्या पायासाठी घेतलेली खोल खोदकामे ढासळू नयेत म्हणून योजलेले भूतांत्रिक उपाय.

उतारावरील माती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते; कणांमधील घर्षण व चिकटपणा तिला धरून ठेवतात. धरून ठेवणाऱ्या आणि ओढणाऱ्या बलांच्या गुणोत्तराला सुरक्षा गुणांक म्हणतात. तो १ पर्यंत घसरला की दरड सुटण्याच्या बेतात येते. कायमस्वरूपी उतारांसाठी तो साधारणतः १.५ ठेवतात. मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला की कणांमधील घर्षण घटते, हे कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडले. सह्याद्रीत बेसॉल्टच्या कातळावर झिजेतून बनलेल्या मातीचा थर असतो. अतिवृष्टीत पाणी या थरात मुरते, पण खालच्या कातळाशी अडते. माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडी अशाच मुसळधार पावसात कोसळल्या.

म्हणून निचरा हा पहिला उपाय होय. माथ्यावर चर खणून पाणी वळवतात आणि उतारात किंचित चढती छिद्रे घेऊन त्यांत सच्छिद्र नळ्या बसवतात. पुढचा उपाय म्हणजे उताराची चढण कमी करणे किंवा त्याला पायऱ्या देणे. जागा अपुरी असल्यास दगड भरलेल्या जाळीच्या गॅबियन भिंती बांधतात. मातीत पोलादी सळया सिमेंटने पक्क्या करून पृष्ठभागावर शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारतात. भेगाळलेल्या खडकात छिद्रे घेऊन रॉक बोल्ट बसवतात. कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या २००३ च्या अपघातानंतर कटिंगचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवणे यांवर भर देण्यात आला.

शहरातील तळघराचे खोदकाम म्हणजे जवळपास उभा उतारच. तेथे खणण्यापूर्वी डायफ्रॅम भिंत (जमिनीत खोल चर घेऊन ओतलेली काँक्रीटची भिंत) किंवा एकमेकांत गुंतलेल्या पाइल्सची रांग उभारतात आणि जसजसे खोल जावे तसतसे तिला आडवे टेकू किंवा ताण दिलेले अँकर देतात. पाणी उपसल्याने भूजलपातळी खालावून शेजारच्या इमारती खचू शकतात. मऊ चिकणमातीत खड्ड्याचा तळही फुगून वर येतो. त्यामुळे भिंतीचे झुकणे इन्क्लिनोमीटरने व पाण्याचा दाब पिझोमीटरने सतत मोजतात. ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यास खोदकाम थांबवून आधार वाढवतात.