बिजागरी आली कुठून?

मराठी घराच्या भागांची नावे एकेक करून घेत गेलो, तर दख्खनच्या सुलतानांचा काळ पावलोपावली भेटतो. दरवाजा फारसी, तावदान फारसी, पडदा फारसी, मजला आणि हौद मुळात अरबी. गच्चीचे नाव ज्या चुन्यावरून पडले तो 'गच'ही फारसी. जुने देशी शब्द टिकले ते खांब, भिंत, तुळई, खिडकी, उंबरठा यांच्यात. या दोन्ही घराण्यांशी नाते नसलेली एक छोटी लोखंडी वस्तू मात्र प्रत्येक दाराला चिकटून बसली आहे. ती बिजागरी. तिचे मूळ पोर्तुगीज 'बिसाग्रा'. शब्दांची देवघेव अभ्यासणाऱ्यांना हे नवीन नाही, पण त्यातून जे निघते त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. माझे म्हणणे असे की, आपल्या किनाऱ्यावर या नावाबरोबर ती वस्तूही आली, म्हणजे निदान दाराखिडक्यांना लावायची लोखंडी बिजागरी तरी आली. आणि ती धर्मगुरूंबरोबर किंवा व्यापाऱ्यांबरोबर आली नसून सुतारांच्या हातांतून आली.

बिजागरी नव्हती तेव्हा दार फिरत कशावर होते, हे आधी पाहू. अजिंठ्याला किंवा नाशिकच्या लेण्यांत भिक्षूंच्या खोल्यांच्या तोंडाशी नीट पाहिले, तर चौकटीच्या आत खाली एक वाटोळी खळगी आणि बरोबर तिच्या वर दुसरी खळगी कोरलेली दिसते. लाकडी झडपेच्या एका कडेची फळी वर-खाली थोडी लांब ठेवून तिची टोके गोल तासत; ती या खळग्यांत बसत आणि झडप त्यांवर फिरे. मेसोपोटेमियात याच कामासाठी ठेवलेल्या दगडी उखळ्यांवर राजे आपले लेख कोरत, इतकी ही रीत जुनी आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पडक्या दरवाज्यांत या खोबणी आजही दिसतात. जुन्या वाड्यांतही तेच: खालचा खुंट उंबरठ्यात, वरचा गणेशपट्टीमागच्या लाकडात. या रचनेत दाराचे सगळे वजन खालच्या खुंटावर उभे राहते. म्हणून झडप जाड हवी, तिची कडेची फळी तर फारच दणकट हवी. खुंट झिजला की दार खाली बसते, उंबरठ्याला घासते आणि कुरकुरते. झडप काढायची तर चौकट खिळखिळी करावी लागते. हत्तीच्या धडकेपुढे उभ्या राहणाऱ्या दाराला ही रचना उत्तम आहे. पण हलक्या, पातळ, दिवसातून दहादा उघडमीट होणाऱ्या खिडकीच्या झडपेला ती जड जाते.

बिजागरीने वजनाची दिशाच बदलली. दोन पाती, त्यांच्या कडांना एकाआड एक वळवलेल्या नळ्या, नळ्यांतून गेलेली एक खिळी, एवढाच तिचा पसारा. पण आता झडप उंबरठ्यावर उभी राहत नाही, चौकटीच्या उभ्या बाजूला टांगलेली असते. त्यामुळे झडप पातळ चालते, तिचे दोन तुकडे करून घडीची करता येते, अर्धीच उघडता येते, खिळी उपसून चौकट न हलवता काढता येते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या पाहा. लाकडी पट्ट्यांच्या बारीक चौकोनांत चपट्या शिंपल्यांचे अर्धपारदर्शक तुकडे बसवलेल्या त्या नाजूक झडपा खुंटावर फिरवण्याचा विचारही कोणी करणार नाही.

आता मुख्य पुरावा. बिजागरीला कोणत्या भाषेत काय म्हणतात ते नकाशावर मांडले की चित्र लख्ख होते. मराठीत बिजागरी, गुजरातीत मिजागरुं, खाली थेट मलयाळममध्ये विजागिरी. किनारा सोडून उत्तरेकडे वळले की हिंदी-उर्दूत कब्जा, बंगालीतही कब्जा. तमिळमध्ये 'कील', जो संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी याच्याशी जोडला जातो. दीव, दमण, वसई, चौल, गोवा, कोची ही पोर्तुगीज ठाणी ज्या पट्ट्यात होती, नेमका तोच बिजागरीचा पट्टा. मधल्या मराठीत तर 'कब्जा' हा शब्द घरचाच आहे, जमिनीच्या प्रत्येक दाव्यात तो येतो. तरीही दाराच्या सांध्यासाठी मराठीने तो घेतला नाही. घराची अर्धी नावे फारसी वाटेने आलेली असताना हे एकच नाव समुद्राकडून यावे, याला कारण असले पाहिजे. ते कारण म्हणजे ती वस्तू आपल्याकडच्या सुताराने प्रथम किनाऱ्यावरच हाताळली.

यावर पहिला आक्षेप देशी व्युत्पत्तीचा येईल. 'बीज' आणि 'आगर', किंवा 'द्वि' आणि 'अग्र', म्हणजे दोन टोके असलेली, अशी फोड कोणालाही सुचेल. दुसरी फोड तर अर्थालाही बरी जुळते. पण 'द्वि-अग्र'मधून मधला 'ज' कसा उगवला, हे सांगता येत नाही. पोर्तुगीजमध्ये मात्र दोन स्वरांमधला 'स' घोष उच्चारला जातो, आणि त्याला मराठीतला सर्वांत जवळचा ध्वनी 'जहाज'मधला 'ज' हाच. (येथे 'मेसा'पासून 'मेज' आला असा दाखला द्यायचा मोह होतो, पण फारसीतही मेज असल्याने तो साक्षीदार मी उभा करत नाही.) शेवटच्या 'ग्र'मध्ये स्वर शिरून 'गर' झाला, तोही नेहमीचाच प्रकार, 'त्रोंकु'चा तुरुंग होताना हेच घडले. शिवाय या शब्दाला मराठीत अजून स्थिर लिंग नाही. बिजागर, बिजागरे, बिजागरी अशी तिन्ही रूपे चालतात. प्राकृतातून पिढ्यान्पिढ्या वाहत आलेल्या शब्दाची अशी ओढाताण सहसा होत नाही. आणि तीन दूरच्या भाषांत ब, म, व अशी आद्याक्षरे बदलून तोच शब्द येतो. हे तिन्ही ओठांचे ध्वनी आहेत. ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे एकच परका शब्द ऐकला, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचा पोर्तुगीज माणूस बिजागरीला 'दोब्रादिसा' म्हणतो, म्हणजे दुमडणारी. मग आपल्याकडे हा शब्द का आला नाही? माझे उत्तर असे की भाषा उधार घेते ती बोलणाऱ्याच्या तोंडून, कोशातून नाही. त्या काळच्या जहाजांवर आणि गोद्यांत नाना प्रांतांचे कारागीर असत, आणि स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा' हाच या वस्तूचा रोजचा शब्द आहे. पोर्तुगीजमध्येही तो आहेच. स्पॅनिशमध्ये त्याचे स्वतःचे मूळ अनिश्चित मानले जाते. तोलेदो शहराला 'बिसाग्रा' नावाची प्रसिद्ध वेस आहे, आणि त्या वेशीच्या नावात अरबी 'बाब', म्हणजे दार, आणि शहराच्या उत्तरेचा साग्रा हा मुलूख दडला आहे असे सांगतात. दाराच्या सांध्याचे नाव एका दारावरूनच पडले, आणि त्यात अरबी 'बाब' लपला असेल, तर ही कुळकथा फारच देखणी होईल. पण मी ती स्वीकारत नाही. एका शहराच्या वेशीचे नाव साऱ्या द्वीपकल्पातल्या लोहारांनी आपल्या वस्तूला द्यावे, यासाठी नुसते उच्चारसाम्य पुरत नाही.

तिसरा पेच श्रीलंकेचा आहे. पोर्तुगीज तिथेही दीडशे वर्षे होते, सिंहलीने खिडकीला 'जनेलय' हा त्यांचाच शब्द घेतला. पण बिजागरीला सिंहलीत 'सरनेरुव' म्हणतात, आणि तो डच 'स्खार्नीर'वरून आला आहे. पोर्तुगीजांनी वस्तू आणली हे खरे असेल, तर तिथे डचांचे नाव का? मला हा पुरावा माझ्या बाजूचाच वाटतो. एक तर त्यातून दिसते की ही वस्तू जिथे गेली तिथे आणणाऱ्याचे नाव घेऊन गेली. दुसरे, त्यातून काळाचा अंदाज येतो. डचांनी 1658 पर्यंत श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून घेतला आणि 1663 मध्ये कोची घेतली. कोचीत सव्वाशे वर्षे डच राहूनही मलयाळममधली विजागिरी हलली नाही. म्हणजे ती तोवर मुरली होती. श्रीलंकेत ती मुरली नव्हती. याचा अर्थ सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्तू भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुतारांच्या सवयीची झाली होती, पण सगळीकडे नाही. सोनारांच्या नि तांबटांच्या कामात, डब्याच्या झाकणाला किंवा उघडत्या कड्याला खिळीचा सांधा आधीपासून होता, आणि कब्जा वापरणाऱ्या उत्तरेत बिजागरीची वाट वेगळी असेल, हे मला मान्य आहे. माझा दावा किनाऱ्याच्या सुतारकामापुरता आहे.

मग किनाऱ्यावर ती कोणत्या दाराने शिरली? माझा कौल गोदीला. युरोपी जहाजांच्या बाजूंना तोफांसाठी झरोके असत आणि त्यांची झाकणे लोखंडी बिजागऱ्यांवर उघडत. वसई 1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांना मिळाली, दमण त्यांनी 1559 मध्ये घेतले, आणि दोन्ही ठिकाणी जहाजे बांधली जात. जो सुतार गोदीत झाकण बसवायला शिकला, त्याने तीच खिळी घराच्या खिडकीला लावली असणार. याला शेजारच्या शब्दांचा आधार आहे. बांधकामावरचे मराठी ऐका: काम सांगणारा मेस्त्री 'मेस्त्रे'वरून, म्हणजे उस्तादावरून, माल वाहायचे घमेले 'गामेला'वरून, जे मुळात लाकडी भांडे होते, आणि शनिवारी मिळणारा पगार 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणे, यावरून. माणूस, भांडे, मजुरी आणि सांधा, चारही एकाच वाटेने आले. खिडकीला मात्र आपले नाव आधीच होते, म्हणून गोव्याचे जनेल देशावर खिडकीला हटवू शकले नाही. ज्याला नाव नव्हते, त्यानेच परके नाव घेतले.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सत्ता गेली तरी तिथले सुतार-लोहार तिथेच राहिले, आणि आता त्यांच्या कामाला घाटावरच्या वाड्यांची वाट मोकळी झाली. शब्द देशभर मराठीत पसरला तो याच सुमारास, असे मी धरतो.

हे धरणे पक्के करायला कागदांपेक्षा लाकूड उपयोगी पडेल. वसई, चौल, रेवदंडा, अलिबाग या भागातली जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत आणि चौकटी जुन्या बाजारात वजनावर विकल्या जात आहेत. ज्यांचे असे घर पाडायचे असेल त्यांनी चौकट विकण्याआधी उंबरठ्यातली खळगी आणि उभ्या बाजूवरच्या खिळ्यांच्या खुणा यांचे फोटो काढून घराच्या बांधणीचे साल सोबत लिहून ठेवावे. एकाच चौकटीवर दोन्ही खुणा असतील, तर ती चौकट विकू नये.