शिरेतील रक्तगुठळीनंतरचा पायाचा विकार : पूर्वअंदाज कितपत शक्य?

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याच्या विकारास डीप व्हेन थ्रॉम्बोसिस (डीव्हीटी) म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतू शकते. हा धोका टळला की आजार संपला, असा अनेक रुग्णांचा समज होतो. प्रत्यक्षात उपचारानंतरही २० ते ५० टक्के रुग्णांना, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, त्याच पायाचा दीर्घकालीन विकार जडतो. त्यास पोस्ट-थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम असे नाव आहे.

गुठळीमुळे शिरेतील नाजूक झडपा निकामी होतात किंवा शीर अंशतः बंद राहते. हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे पायातच साचते. पाय जड होणे, सूज, पेटके, खाज, त्वचा काळवंडणे ही त्याची लक्षणे होत. ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये विकार तीव्र रूप धारण करतो. काहींना घोट्याजवळ न भरणारी जखम होते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या उपजीविकेवरच त्याचा आघात होतो.

निदानासाठी व्हिलाल्टा गुणांकन वापरले जाते. त्यात पाच तक्रारी व सहा शारीरिक चिन्हांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. एकूण ५ गुणांपासून विकार मानला जातो. १५ वा अधिक गुण, अथवा जखम असल्यास तो तीव्र ठरतो.

धोका कोणास अधिक, हे सांगणारी एक गुणपद्धती कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडली. गुठळी ओटीपोटातील शिरेपर्यंत पोहोचलेली असणे, शरीर वस्तुमान निर्देशांक ३५ वा त्याहून अधिक असणे आणि निदानाच्या वेळीच लक्षणे मध्यम किंवा तीव्र असणे, हे तिचे तीन आधार आहेत. तिची अचूकता मात्र मर्यादित आहे.

बेंगळुरूमध्ये भगवान महावीर जैन रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी जैन इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅस्क्युलर सायन्सेस ही स्वतंत्र संस्था आहे. तथापि या गुणपद्धतीसाठी अशा विशेष केंद्राची आवश्यकता नाही. सोनोग्राफी, वजन-उंची आणि पायाची तपासणी पुरेशी ठरते. मात्र ती उत्तर अमेरिकेतील रुग्णांवर आधारलेली आहे. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये स्थूलतेची मर्यादा २५ निर्देशांकावर ठेवण्याची शिफारस केली होती. त्यामुळे ३५ चा निकष येथील रुग्णांवर पडताळूनच स्वीकारणे इष्ट होय.

प्रतिबंधाचे मार्ग मोजकेच आहेत. घट्ट मोज्यांनी हा विकार टळत नसल्याचे २०१४ च्या मोठ्या चाचणीत आढळले. सूज व जडपणा कमी करण्यासाठी मात्र ते आजही वापरले जातात. नळीद्वारे गुठळी विरघळवण्याच्या उपचाराने विकाराचे एकूण प्रमाण घटले नाही, उलट रक्तस्राव वाढला, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. त्याच पायात पुन्हा गुठळी होणे हे या विकाराचे प्रमुख कारण असल्याने रक्त पातळ करणारे औषध वैद्यकीय सल्ल्याविना बंद न करणे, वजन आटोक्यात ठेवणे व नियमित चालणे हितावह ठरते.