ब्रेव्हेमध्ये ‘पहिला’ कोण?

ब्रेव्हेच्या बातमीत ‘बाजी मारली’ किंवा ‘प्रथम क्रमांक’ दिसला, तर ती चूक समजा. ब्रेव्हे ही ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी आहे, शर्यत नाही. फ्रान्सच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’च्या नियमांनुसार तिथे क्रमांकच नसतात. 200 किमीसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन परत यायचं, वर थोडं अंतर. शेवटच्या मिनिटाला पोहोचलेल्यालाही पहिल्याइतकाच मान. मथळ्यातला एक शब्द मात्र त्याला ‘हरलेला’ ठरवतो. हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ प्रमाणपत्र. शेवटचा ‘ट’ उच्चारत नाहीत, म्हणून ‘ब्रेव्हेट’ नको. सायकलपटूचा ‘सायकलपट्टू’ करायला मात्र फ्रेंचचीही गरज लागत नाही!