नागरिकत्वाचा पुरावा : शहापूर व मुरबाड तालुके

भारतात बहुसंख्य नागरिकांकडे ‘नागरिक’ असे लिहिलेला एकही स्वतंत्र दाखला नसतो. नागरिकत्व ठरते ते नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार. सिद्ध करायची वेळ आली की जन्म, आईवडील आणि वास्तव्य यांचे कागद गोळा करावे लागतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हा प्रश्न बाहेरून आलेल्यांपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणाऱ्या ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि विशेषतः कातकरी कुटुंबांना अधिक जाचतो. ते भारतीय आहेत याबद्दल तालुक्यात कुणाला शंका नाही. कागद मात्र सर्वांत कमी त्यांच्याकडेच आहेत.

कायद्याने जन्माच्या तारखेनुसार तीन गट पाडले आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. आईवडील कोण, हे पाहिले जात नाही. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आज विशीतल्या मुलाला स्वतःच्या जन्मदाखल्याबरोबर आईबापांचेही कागद लागू शकतात, आणि वाड्यापाड्यांत नेमक्या त्याच पिढीची जन्मनोंद नसते.

नागरिकत्वासाठी रीतसर अर्ज करणारे या दोन तालुक्यांत क्वचितच. जिल्ह्यात तो विषय प्रामुख्याने उल्हासनगरच्या सिंधी वस्तीशी जोडलेला आहे. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ज्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. २०१९ च्या दुरुस्तीखालचे अर्ज मार्च २०२४ च्या नियमांनुसार वेगळ्या समित्यांकडे जातात.

शहापूर-मुरबाडमध्ये ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द माणसाला भेटतो तो तहसील कचेरीतल्या एका दाखल्यावर. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र असे त्याचे पूर्ण नाव. बोलण्यात नुसते ‘डोमिसाईल’. पोलीस भरती, कॉलेजचा प्रवेश, सरकारी नोकरी, सगळीकडे तो मागतात. अर्ज सेतूत, म्हणजे आपले सरकार सेवा केंद्रात भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र जोडायचे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अशा दाखल्याला मुदत आणि अपिलाचा हक्क आहे. पण नावात राष्ट्रीयत्व असले तरी तो अखेर शाळेच्या आणि रेशनच्या कागदांवरच उभा असतो. मूळ कागद कच्चा, तर दाखलाही कच्चा.

त्याहून अवघड जातीचा दाखला. त्यावर सही प्रांतांची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची : शहापूरसाठी भिवंडी, मुरबाडसाठी कल्याण. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० या तारखेपूर्वीचे कुटुंबाचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्याच्या आजोबांच्या नावे जमीन होती तो जुना सातबारा, फेरफार काढतो. ज्याचे आजोबा शाळेत गेले तो जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा आणतो. दोन्ही नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक : गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. त्यात बापाचे नाव, जात आणि गाव एका ओळीत सापडते, म्हणून या वहीला मोल. पण पाने जीर्ण झालेली, काही ठिकाणी मोडी अक्षर, आणि वाडीवरचा जन्म कोतवालापर्यंत पोचलाच असेल याची हमी नाही.

दाखला मिळाल्यावर पडताळणी समिती येते. आडनावावरून आणि चालीरीतींवरून ठाकूर जमातीचे दावे वर्षानुवर्षे अडकत आले. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले की चालीरीतींची ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुन्या कागदांचे वजन मोठे. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना हा निकाल तारतो.

ज्यांच्याकडे नाहीत ते बहुधा कातकरी. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत त्यांची गणना होते. पूर्वी काताचा आणि कोळशाचा धंदा, आता वीटभट्टी. दसरा-दिवाळीनंतर बायकापोरांसह भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडाला परतायचे, हा वर्षाचा क्रम. शाळेची हजेरी याच महिन्यांत तुटते, बाळंतपणही पुष्कळदा भट्टीवरच होते. बऱ्याच कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत; सातबारा मालकाचा, आणि जागा आपली नसल्याने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर लागायलाही अडचण. जमीन, शाळा, घर या तिन्ही वाटांनी कागद येतो, आणि तिन्ही इथे बंद.

जे कागद असतात तेही एकमेकांशी भांडतात. गुरुजींनी पटावर नाव घालताना अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिलेली; आधार काढताना वय अजमासे सांगितले म्हणून यंत्राने १ जानेवारी टाकलेली; रेशनकार्डावर बापाचे घरगुती नाव, मतदार यादीत दुसरेच. वाघे, मुकणे, पवार, जाधव अशी आडनावे एका वाडीत इतकी की नाव आणि बापाचे नाव सारखे असलेली दोन माणसे सहज निघतात. मग एकाच माणसाची ही दोन नावे, असे प्रतिज्ञापत्र करायचे. त्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरली तर तो दाखला फुकटचा राहत नाही.

आधारबद्दलचा गैरसमज इथे फार खोल आहे. कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातून २९ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले, पण २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ स्वच्छ सांगते की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. ठाण्यातील एका जामीन अर्जावर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच म्हटले : आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कुणी नागरिक होत नाही.

राहता राहिला जन्मदाखला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार वर्ष उलटल्यावर नोंद करायला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी वा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, पासपोर्ट यांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. २०२५ च्या सुरुवातीला, बांगलादेशी घुसखोरांनी उशिराचे दाखले मिळवल्याच्या तक्रारी झाल्यावर, राज्य सरकारने असे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये पोलीस पडताळणीसह कडक कार्यपद्धती आणली. रोख बाहेरच्यांवर होता. चाळणीत मात्र पुरावे न जोडू शकणारा वाडीवरचा अर्जदारही अडकतो.

कागद नसलेल्याचे म्हणणे ऐकण्याची सोय कायद्यात नाही असे नव्हे. वनहक्क कायद्याच्या नियमांत जाणत्या वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदन पुरावा म्हणून मान्य आहे, आणि शहापूर-मुरबाडच्या वनहक्क दाव्यांनाही तोच नियम लागू आहे. जमिनीसाठी ज्या म्हाताऱ्याची साक्ष चालते, नातवाच्या जातीसाठी त्याच म्हाताऱ्याकडे १९५० पूर्वीचा कागद मागणे विसंगत आहे. गृहचौकशीचा अधिकार अधिकाऱ्यांना आहेच. वापरला तर वाट निघते. एरवी दाखले येतात ते शिबिरांतून : १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला वाडीवर देण्याचा कार्यक्रम आहे. त्याआधीपासून १९८२ साली स्थापन झालेली श्रमजीवी संघटना या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध लढताना या दाखल्यांसाठीही तहसीलवर मोर्चे नेत आली आहे. शिबिर भरवायचे तर पावसाळ्यात. डिसेंबरात वाडीवर म्हातारे आणि कुलपे एवढेच असतात.

भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद मूळ गावात होत नाही. भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिथे ती करायची असते. २१ दिवसांत केली तर तिला पैसे लागत नाहीत.