न अडखळणारा आवाज

रेडिओवरचा निवेदक अर्धा तास बोलतो, त्यात एकदाही ‘अं’ किंवा ‘ते हे’ येत नाही. आपण मीटिंगमध्ये दोन मिनिटं बोललो तरी चार वेळा अडकतो. मग वाटतं, आपल्याला बोलताच येत नाही. पण ही तुलनाच फसवी आहे, आणि तिला जवळपास १०० वर्षांचा इतिहास आहे.

१९२७ मध्ये हिल्डा मॅथेसन बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालक झाल्या. माइकसमोर आलेले विद्वान एक तर सभा गाजवल्यासारखे बोलत, नाहीतर निबंध वाचत. घरात बसलेल्या एका माणसाशी बोलतोय असं वाटलं पाहिजे, हा मॅथेसन यांचा आग्रह होता. त्यासाठी भाषण आधी लिहिलं जाई, बोलीच्या वळणावर आणलं जाई आणि त्याची तालीम होई. श्रोत्याला कागद दिसत नव्हता. त्याला ऐकू येत होत्या त्या सहज मारलेल्या गप्पा.

पुढे लंडनमध्ये फ्रीडा गोल्डमन-आइस्लर यांनी माणसांच्या बोलण्यातली शांतता मोजली. लोकांना मजकूर नसलेली व्यंगचित्रं दाखवली. चित्रात काय दिसतं ते सांगताना लोक कमी थांबले, त्यातला अर्थ सांगताना बरेच जास्त. तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावल्यावर थांबणं कमी होत गेलं. म्हणजे त्या थांबण्यात नव्या विचाराची जुळवाजुळव चालू होती. त्यांचं हे काम १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मध्ये रेडिओवरच्या बोलण्याचे ३ प्रकार सांगितले: पाठ केलेलं, वाचलेलं आणि ताजं. चांगला निवेदक वाचलेलंही ताजं वाटेल असं बोलतो. रोजच्या गप्पांमधल्या चुका आपल्या कानांना जाणवतही नाहीत. निवेदकाची एक चूक मात्र लगेच खटकते.

मग कागदाशिवाय घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन करणाऱ्यांचं काय? न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ कुनराड कायपर यांनी असे समालोचक आणि लिलाव पुकारणारे यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९९६ चं. या लोकांकडे ठरलेल्या वाक्यांचे साचे असतात. घोड्याचं नाव आणि क्रमांक तेवढा बदलायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन आधीच लिहिलेलं असतं, फक्त इनपुट बदलतो.

हे सगळं इंटरव्ह्यूच्या खोलीत महत्त्वाचं ठरतं. तिथे घडाघडा बोलणारा हुशार ठरतो आणि प्रश्न ऐकून चार सेकंद थांबणारा कच्चा. खरं तर पहिल्याचं उत्तर कदाचित दहाव्यांदा दिलेलं असतं आणि दुसऱ्याचं तिथेच तयार होत असतं. समोरचा थांबला, तर त्याचं वाक्य आपण पुरं करू नये. त्याला ते चार सेकंद द्यावेत.