निवड आणि जतन

पडद्यावर कोणता चित्रपट लावावा, हा प्रश्न केवळ धंद्याचा नाही, विवेकाचाही आहे. जून १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ‘व्हिजिलांती कुरा’ या परिपत्रकाद्वारे चित्रपटांची पारख करून भाविकांसाठी याद्या प्रसिद्ध कराव्यात, असे देशोदेशीच्या बिशपांना सुचविले. त्याच वर्षी पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला.

१९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांचा बाणा मात्र वेगळा होता. प्रेक्षकांसमोर काय ठेवावे, याची निवड ते चोखंदळपणे करीत. परंतु जतन करताना बरे-वाईट असा भेद त्यांनी मानला नाही. आजचा टाकाऊ चित्रपट उद्याचा मोलाचा दस्तऐवज ठरू शकतो, हे ते जाणून होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे त्यांनीच मिळवली. ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहूनच फाळक्यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा झाली होती, हे आपण विसरू नये.

मुलांना काय दाखवावे, हे आपण अवश्य ठरवावे. पण न दाखविलेले नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?