पूर्ण नाव सांगा

खोली बघायला गेलं की घरमालक अगोदर भाडं सांगत नाही. अगोदर नाव विचारतो. नाव सांगितलं की म्हणतो, पूर्ण नाव सांगा. पूर्ण नावात गायकवाड निघालं, जाधव निघालं की तो जरा अडतो, कारण ही आडनावं सगळ्यांत आहेत. मग गाव विचारतो. मग गावात घर कोणत्या अंगाला, ते विचारतो. तोवर त्याला कळलेलं असतं आणि त्याला कळलं हे आपल्यालाही कळलेलं असतं. मग त्याला एकाएकी आठवण होते की लेक बाळंतपणाला यायचीय, खोली लागणारच आहे.

मराठवाड्यातल्या शहरांत अशा किती लेकी बाळंतपणाला आल्या याची मोजदाद कोणत्याच जनगणनेत नाही.

1927 चं चवदार तळं आपण लिहिलं, 1930 चं काळाराम मंदिर लिहिलं, नामांतर लिहिलं. भाड्याच्या खोलीवर मात्र फारसं लिहिलं नाही. तिथं मोर्चा नसतो, घोषणा नसतात. एक माणूस एका दारासमोर उभा असतो आणि दार लागतं. तो घरी येऊन बायकोलासुद्धा खरं सांगत नाही. म्हणतो, पाण्याची सोय बरी नव्हती. हा इतिहास असा लपवत लपवतच जगला गेला.

त्याची सुरुवात कुठून धरायची? मी 1917 पासून धरतो.

त्या वर्षी बाबासाहेब बडोद्याला गेले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला आलेला. पण बडोद्यात रात्री झोपायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. मोठी अंधारी जागा आणि आत एकटा माणूस. अकराव्या दिवशी पारशी मंडळी काठ्या घेऊन दारात आली. संध्याकाळपर्यंत बाहेर निघ, म्हणाली. एका हिंदू मित्राला विचारलं, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, तो म्हणाला, बायको आली की तिला विचारतो. बाबासाहेब काय ते समजले. कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

यात नीट बघण्यासारखी एक गोष्ट आहे. त्यांच्याजवळ भाडं द्यायला पैसे होते, नोकरी होती, पदव्या होत्या. खोलीचा प्रश्न पैशाचा आहे, असं अजूनही आपल्याला सांगितलं जातं. शिका, कमवा, मग आपोआप चांगल्या वस्तीत राहायला मिळेल. बडोद्यानं हे 1917 सालीच खोटं ठरवलं होतं.

मुंबईत मग ते परळला, पोयबावडीच्या चाळीत राहिले. ही चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. 1896 चा प्लेग आल्यावर 1898 साली सरकारनं हा ट्रस्ट काढला. त्यानं गलिच्छ वस्त्या पाडल्या, मजुरांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याकडं मोकळ्या, झाडाच्या, शांत कॉलन्या आखल्या. 1912 पासून जवळजवळ 22 वर्षं बाबासाहेबांचं बिऱ्हाड चाळीतल्या खोल्यांत होतं. एवढ्या गलक्यात त्यांनी केवढा अभ्यास केला! 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. शांत उपनगरात ते भाडेकरू म्हणून गेले नाहीत. स्वतःचं घर बांधून गेले. आपल्यातल्या प्रत्येकाला हे कसं जमायचं?

सरकारी चाळींत तरी भेद मिटला होता का? 1920 नंतर बांधलेल्या बीडीडी चाळी सरकारच्याच मालकीच्या. पण तिथंही आपली माणसं ठराविक चाळींत एकवटलेली. 1974 च्या जानेवारीत वरळीला दंगल झाली तेव्हा दगड कोणत्या चाळीवर मारायचा हे कुणाला शोधावं लागलं नाही.

आता आपल्याकडं या.

आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात. गावात आपलं घर म्हणजे महारवाड्यातलं घर. भाडं नव्हतं, पण फुकटही नव्हतं. सगळ्या गावाची कामं हेच त्याचं भाडं. जागा कुणाच्या नावावर, याचा कागद बहुतेकांकडं नसायचा. गावकुसाबाहेर राहायचं हे ठरलेलं. त्यामुळं ‘खोली देता का?’ हा प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. हा प्रश्न शहरात आल्यावर जन्मला.

शहरात येण्याचे रस्ते थोडे होते. एक रेल्वे. पूर्णा जंक्शनला रेल्वेत लागलेल्या माणसाला क्वार्टर मिळायचं. दुसरा रस्ता शिक्षणाचा. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद झालं, आणि नागसेनवनात वसतिगृहं उभी राहिली. नुसतं कॉलेज काढून भागत नाही. परभणीच्या खेड्यातल्या पोराला औरंगाबादेत खोली कोण देणार? वसतिगृह नसतं तर आपल्यातले कितीतरी मॅट्रिकवरच थांबले असते. तिसरा रस्ता नंतरचा. 1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं. तिथंही नोकरांसाठी क्वार्टर्स.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. जागा यादीनं मिळते. यादीत नंबर लागला की चावी मिळते. शेजाऱ्याला आवडो न आवडो. यादीतसुद्धा लबाडी होते, ती आपण पाहिलीय. पण यादीविरुद्ध अर्ज तरी करता येतो. घरमालकाच्या तोंडाविरुद्ध कुठं अर्ज करायचा?

चौथा रस्ता आगीचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. परभणी जिल्ह्यातही आपली घरं जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत खेड्यातून किती बिऱ्हाडं उठली! आमचंही त्यातलंच. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावातून माय डोक्यावर पेटी घेऊन निघाली आणि परभणीत आपल्याच वस्तीत, एका नात्यातल्या माणसाच्या पत्र्याच्या छपरीत आम्ही राहिलो. भाडं नव्हतं. माय म्हणायची, “लेकरा, आपल्या माणसानं जागा दिली, दुसऱ्याच्या दारी उभं ऱ्हायची पाळी नाय आली.”

ती पाळी माझ्यावर आली 1988 साली. नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. छपरीत सात माणसं. गावाबाहेर नव्या कॉलन्या होत होत्या. शांत रस्ते, अंगणात कडुनिंब, संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसलेली. मला एवढंच पाहिजे होतं की माझंही लेकरू तसं अभ्यासाला बसावं. चार घरं पाहिली. तीन ठिकाणी लेकी बाळंतपणाला आल्या. चौथ्या घरच्या मालकीणबाई खरं बोलल्या. म्हणाल्या, “तुम्ही माणूस चांगले दिसता हो. पण नळ एकच आहे अन् घरात सासूबाई आहेत.” खोटं बोलणाऱ्या तिघांपेक्षा त्यांचाच शब्द जास्त लागला. पण आज वाटतं, साक्षीपुराव्याला उपयोगी पडला असता तो त्यांचाच.

कारण कायदा आहे. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

राज्यघटनेच्या 15 व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. पण 17 व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आणि त्यावरून 1955 चा कायदा आला. 1976 साली दुरुस्त्या होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणू लागले. त्याच्या 4 थ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहण्याचं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं यात अस्पृश्यतेवरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. 7 व्या कलमात बहिष्काराचा अर्थ सांगताना घर भाड्यानं द्यायला नकार देणं स्पष्ट लिहिलंय. आणि 12 वं कलम तर पाठच करून ठेवा. असा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला, तर तो अस्पृश्यतेवरूनच घडला असं न्यायालयानं धरून चालायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं.

मग खटले का दिसत नाहीत? कारण खोली शोधणाऱ्याला त्याच रात्री छप्पर पाहिजे असतं. पोरं आजारी, पेटी रस्त्यावर. तो कोर्टात जाणार की पुढच्या दारात? आणि एकदा खटलेबाज म्हणून नाव झालं की पाचवं दारही बंद.

भाड्याचे कायदे तर आणखी गमतीचे. मराठवाड्याला हैदराबादचा 1954 चा घरभाडे कायदा लागू होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आला. भाडेकरूला उठवायचं कसं, भाडं वाढवायचं किती, सगळं त्यात आहे. पण ते घरात शिरलेल्याला. दाराबाहेर उभा असलेल्यासाठी त्यात ओळ नाही. उलट 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सोसायटीनं आपल्याच धर्माचे सभासद घ्यायचा नियम केला तर चालतो. बडोद्याची धर्मशाळा आठवली. तिथं काठ्या होत्या, इथं पोटनियम.

1963 साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. परगावी छप्पर पाहिजे तर जात चोरावी लागते, हे त्या नावातच आहे. मीही चोरली. 1989 ला एका कॉलनीत खोली मिळाली. आडनाव सगळ्यांत चालणारं होतं, मी पुढचं काही बोललो नाही. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवला. 14 एप्रिलला दार लावून पेटी उघडायची, फोटोला हार घालायचा, परत पेटी बंद. दोन वर्षं असं केलं. लेकीनं एकदा विचारलं, “बाबा, हे आजोबा पेटीत का ऱ्हातात?” त्या महिन्यात मी खोली सोडली आणि वस्तीत परत आलो. तिथं गलका होता, पण फोटो भिंतीवर होता. शांत वस्तीचं भाडं मला त्या दोन वर्षांत कळलं.

ती लेक आता पुण्याला नोकरी करते. पुण्याबाहेरच्या एका शांत उपनगरात तिनं खोली शोधली. हल्ली मालक दारात भेटत नाही, दलाल फोनवर भेटतो. तोही भाड्याअगोदर पूर्ण नाव विचारतो. व्हेज की नॉनव्हेज विचारतो. मी तिला म्हणलं, आडनावावर थांब, पुढं बोलू नको. ती म्हणाली, “बाबा, मी पहिल्याच वाक्यात सांगते, आम्ही बौद्ध आहोत. ज्याला नाही म्हणायचं त्यानं तिथंच म्हणावं. माझी चार सुट्ट्या वाचतात.” आणि कोण कधी काय म्हणालं ते ती एका वहीत लिहून ठेवते, तारखेसकट.

सहा जणांनी नाही म्हणलं. सातव्यानं दिली. खोलीत शिरल्यावर तिनं पहिला खिळा भिंतीत ठोकला तो फोटोसाठी. वही अजून तिच्याजवळ आहे.

मित्रहो, अशी वही प्रत्येकानं ठेवा. आपला हा इतिहास तिच्यातूनच लिहिला जाईल, आणि कुणी 12 व्या कलमापर्यंत जायचं ठरवलं, तर कोर्टातही तीच कामाला येईल.